ड्रोनला घातलेली शीळ

हातकणंगल्याजवळच्या आमच्या उसावर औषध फवारायला एक ड्रोनवाला आला होता. त्याचं नाव मी विचारलं नाही, पण त्याची शीळ अजून माझ्या कानात आहे.

पहिला तुकडा फवारून आम्ही ओढ्यापलीकडच्या तुकड्यात आलो. त्यानं बांधावर पोतं अंथरलं, त्यावर ड्रोन ठेवला आणि मान वर करून कडेचा नारळ न्याहाळत बसला. ऊन चढत होतं, मी वैतागलो. "पावणं, उडवा की आता!"

"जरा दमा की! रिमोटशी संपर्क तुटला तर ह्यो आपला आपण माघारी येतोय, पर पयल्याच जाग्यावर. जागा बदलली की त्येला नवं घर सांगाय लागतंय. आन् येताना ह्या नारळाच्या वरनं यायला पायजे, तेवढी उंची बी सांगाय लागती."

रिमोटवर बोटं फिरवता फिरवता त्याचा आवाज खाली आला. "ल्हानपणी कबुतरं आणलती. आणली त्याच दिवशी उडवली. सगळी जुन्या मालकाच्या कौलांवर जाऊन बसली. त्येंचं काय चुकलं? माझं घर त्येस्नी मी दाखवलंच न्हवतं."

उसापलीकडे गेल्यावर ड्रोनचा संपर्क खरंच तुटला. त्यानं मला हाताला धरून पोत्यापासून लांब नेलं आणि आभाळाकडे बघत राहिला. थोड्या वेळानं नारळाच्या शेंड्यावरून ड्रोन सरळ पोत्याकडे येताना दिसला.

यंत्राला ऐकू येत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ड्रोन टेकेपर्यंत तो ओठांचा चंबू करून, कबुतरांना घरी बोलावताना घालतात तशी शीळ घालत होता.