डोंगराच्या देवाचा शब्द

तळोद्याच्या ठाण्यात मी फौजदार होतो, त्या वेळचा एक उन्हाळा अजून माझ्या मनातून जात नाही. इंग्रजी अमदानी होती. सातपुड्यात पटकीची साथ पसरली होती आणि रोज कुठल्या ना कुठल्या पाड्यावरची वाईट खबर ठाण्यात येई.

आठवडे बाजारात डिंक विकायला आलेल्या एका बाईने आमच्या जमादाराला हळूच सांगितले, "साथ हिनेच आणली म्हणून आमच्याकडे एका विधवेला डाकण ठरवलं. तिची झोपडी जाळली. त्यानंतर ती कोणाला दिसली नाही." पाड्याचे नाव सांगून ती गर्दीत मिसळली. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि जमादार व दोन शिपाई घेऊन तोरणमाळच्या वाटेला लागलो.

दुपारी पाड्यावर पोहोचलो. माणसे दारातून हलेनात. झोपडीच्या जागी राख होती. मी पंचनामा करत होतो, तेवढ्यात गावचा पाटील स्वतःच पुढे आला. साठीचा, काटक माणूस. साथीत त्याचा नातू गेला होता.

"मी मारली तिला," तो म्हणाला. "मला न्या."

गावानेही एका सुरात तेच सांगितले. पण पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. मला प्रेत हवे होते. पाटील आधी म्हणाला, दरीत टाकले. कुठली दरी विचारले, तर म्हणाला, जाळले. त्याला रात्रभर पहाऱ्यात ठेवले. सकाळी त्याला भाकर दिली. त्याने अर्धी खाल्ली आणि अर्धी कमरेच्या फडक्यात बांधली.

जमादार सारंगखेड्याकडचा, पण डोंगरातली पावरी बोली त्याला येत होती. तो माझ्या कानाशी लागून आपल्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, हाऊ खोटं बोली ऱ्हायना. त्याले फाशीनं भ्याव नही. दुसरंच कायतरी भ्याव शे."

हा खोटे बोलतोय आणि त्याची भीती फाशीची नाही, हेच माझेही मत होत चालले होते. खून करणारा माणूस पुरल्या जागेकडे सहसा बघत नाही. बघितलेच तर लगेच नजर काढून घेतो. हा माणूस मात्र पाड्यामागच्या गर्द झाडीच्या टेकडीकडे सारखा बघत होता, आणि ऊन चढेल तसा जास्तच. मी गावकऱ्यांना लांब पाठवले आणि त्याला एकच विचारले, "ती उपाशी आहे का?"

त्याने कमरेचे फडके सोडून ती अर्धी भाकर माझ्यापुढे धरली. "कालपासून पाणीसुद्धा नाही. तुम्ही आलात, मला जाता येईना."

मग त्याने सगळे सांगितले. नातू गेल्यावर त्यानेच झोपडी पेटवली होती. बाई पळाली, तसा तो कुऱ्हाड घेऊन मागे धावला. टेकडीवर देवाचे थानक होते. ती तिथल्या दगडाला हात लावून बसली होती. "आमच्या पूर्वजांवर देव कोपला होता. माणसं मरत होती," तो म्हणाला. "तेव्हा त्यानेच शब्द दिला होता, माझ्या दगडाला हात लावून बसेल त्याला मी टाकणार नाही. मी कुऱ्हाड खाली ठेवली. पण गाव तिला सोडणार नव्हतं. म्हणून सांगितलं, मी मारली."

थानकामागच्या कपारीत बाई सापडली. ओठ सुकलेले, पण शुद्धीवर. शिपायाने तिला पाणी पाजले. मला पुढचीच काळजी होती. आम्ही चौघे, आणि खाली सगळे गाव. पाटील म्हणाला, "लपवून किती दिवस निभेल? गावाला इथेच बोलवा."

माणसे वर आली. तिला जिवंत पाहून आरडाओरडा झाला. काहींच्या हातात कुऱ्हाडी होत्या. मी पिस्तुलावर हात ठेवला. पाटील तिच्यापुढे उभा राहिला.

"मी तुमच्याशी खोटं बोललो," तो ओरडला. "देव रागावलाय, मला दिसतंय. माझ्या घरातून नातू गेला. पण शब्द त्याचाच आहे. हिला मारायला तो मोडलात, तर उद्या तुम्ही कोणाच्या दगडाला हात लावाल?"

मग गर्दीतून त्याची सून निघाली, मेलेल्या मुलाची आई. ती त्या बाईजवळ गेली आणि दगडाला हात लावून शेजारी बसली. हळूहळू कुऱ्हाडी खाली झाल्या.

मी बाईचा जबाब घेतला. झोपडी कोणी जाळली, विचारले. तिने पाटलाकडे बघितले.

"त्याने जाळली," ती म्हणाली. "नंतर भाकरही त्यानेच आणली. दोन्ही लिहा."

मी दोन्ही लिहिले. कोर्टाने पाटलाला काही महिन्यांची शिक्षा दिली. त्याने ती तक्रार न करता भोगली. साथ काही लगेच थांबली नाही. त्या पाड्यावर आणखी माणसे गेली, पण पुन्हा कोणाची झोपडी पेटली नाही. गावाने पाटलाच्या सुनेच्या घराशेजारीच त्या बाईला नवी झोपडी बांधून दिली.

पुढे इतक्या वर्षांच्या नोकरीत मी घाबरलेली गावे पुष्कळ पाहिली. घाबरलेला माणूस आधी कोणाला तरी दोषी ठरवतो. त्या पाड्याने मला शिकवले की तशा वेळीही माणूस थांबू शकतो, त्याला धरून राहायला कोणाचा तरी पक्का शब्द मात्र हवा.

सुटून आल्यावर पाटील मला बाजारात भेटला. मी विचारले, "देवाने माफ केलं का?"

"ते मला नाही माहीत, साहेब. पण मी रोज थानकावर जाऊन दगडाला हात लावून बसतो. तो अजून मला ऊठ म्हणालेला नाही."