न्हाणीच्या दारावरचा टॉवेल

सायखेड्याच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यासाठी मी संगणकाचा प्रोग्राम लिहिला होता. काट्यावर बसणाऱ्या काकांचं नाव कधी विचारलं नाही, पण त्यांचा हात अजून आठवतो. संगणक जरा रेंगाळला की ते दार ठोठावल्यासारखा माउस बडवायचे. प्रोग्राम तीनतीनदा उघडायचा, एका ट्रॅक्टरचं वजन दुसऱ्याच्या पावतीवर जायचं आणि बाहेर कांदेवाल्यांची जुंपायची.

शेवटी मी बंदोबस्त केला. प्रोग्राम सुरू झाला की एक खुणेची फाइल तयार व्हायची, नीट बंद केला की पुसली जायची. ती असेपर्यंत तो दुसऱ्यांदा उघडायचा नाही.

"न्हाणीच्या दारावर टॉवेल दिसला की आपण आत जातो का, काका? तसंच हे."

काका खूश झाले. थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला.

"भाऊ, लाइट गेली व्हती. आता आली, पण टॉवेल तसाच हाय. उघडंना."

"ती फाइल पुसून टाका."

पलीकडून मोठ्यानं खाकरल्याचा आवाज आला. पुन्हा खाकरणं.

"काय झालं, काका?"

"आत कोन असलं तर? टॉवेल वढायच्या आधी इचारायला नको?"

मी पोट धरून हसलो. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, खरंच आत कोणी असलं तर? पुढच्या खेपेला मी प्रोग्रामलाच खाकरायला शिकवलं: फाइल दिसली तरी आधी आत खरंच प्रोग्राम चालू आहे का बघायचं, नसेल तरच ती पुसायची.

काकांनी मात्र आपलं खाकरणं सोडलं नाही. एकदा खाकरायचे, एकदाच माउस दाबायचे आणि हात मांडीवर ठेवून, आतल्याला वेळ देत बसायचे.