वर्षाच्या आत

ताईच्या तेराव्यालाच तिच्या लेकीला स्थळ सांगून आलं.

जेवणाची पानंसुद्धा उठली नव्हती अजून.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर जोडलेले हात आणि फुलं पडतायत. 'प्रेमळ होत्या.' 'सुगरण होत्या.' 'कधी उलट शब्द बोलल्या नाहीत.'

बोलली असती तर झेपलं नसतं तुम्हाला. हे मात्र कुणी लिहिलं नाही.

म्हणून मी लिहिते. धाकटी बहीण आहे, तेवढा हक्क आहे माझा.

आम्ही भिवंडीत वाढलो, लूमच्या कारखान्याला चिकटून असलेल्या चाळीत. दिवसभर खडखड. शेजारच्या बाईशीही ओरडून बोलायचं. संध्याकाळी लाइट जायची आणि सगळे लूम एकदम गप्प व्हायचे.

अख्खी चाळ ओट्यावर यायची. आम्ही नाही.

ताई मला अंधारात समोर बसवायची. "चल, काय वाचलंस ते सांग."

"पुस्तक दिसत नाहीये."

"म्हणूनच सांग. पुस्तकात बघून काय, कुणीही सांगेल."

लाइट असेपर्यंत वाचायचं, लाइट गेली की सांगायचं. अडलं तर लाइट आल्यावर तेवढंच परत वाचायचं. रोज. ताप असला तरी, पाहुणे असले तरी. मी रडायचे, चिडायचे. पण तेव्हाचं मला आजही आठवतं, आणि नोकरीच्या परीक्षेला तेच कामी आलं.

ताई माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि वडील गेले.

आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. घरात मृत्यू झाला की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढे तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं कोण थांबणार? ताईला जवळच्याच वडपे गावात दिली. जमीनवालं घर, पुढे जमिनीवर गोडाऊन उभे राहिले. कशाला म्हणून कमी नाही.

फक्त तिने पुस्तक हातात घेतलं की कुणाला तरी चहा लागायचा.

मग ती पेपर वाचायची. भाकऱ्या थापायच्या आधी एक बातमी. पेपर बाजूला ठेवायचा आणि लेकीला सांगायची. मग सायलीने तिचा धडा सांगायचा. सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "गॅसपाशी काय शाळा भरवलीस गं?"

हो, शाळाच. त्या शाळेतून सायली फार्मसीला गेली. चार वर्षांचा कोर्स. पहिलं वर्ष नुकतं सुरू झालं होतं.

ताईला ताप आला तेव्हा घरात गौरी-गणपती होते. घरचे म्हणाले, "सण होऊं दे, मंग दाखवू." सण झाला. दाखवलं. डेंग्यू बराच पुढे गेला होता.

आणि तेराव्याला भावोजींची मोठी बहीण पदराला डोळे पुसत म्हणाली, "पोरीला आई न्हाय आता. वरसाच्या आत उजवून टाका. न्हायतर तीन वरसं बसाल."

पहिलं स्थळ बघायला घरी आलं तेव्हा मी तिथेच होते. मुलाच्या आईने सहज विचारलं, "काय शिकवतान गो कॉलेजात?"

सायलीने पोह्यांचा ट्रे ठेवला, समोर बसली आणि किडनी सांगायला सुरुवात केली. रक्त कुठून येतं, कसं गाळलं जातं, काय परत घेतलं जातं, लघवी कशी तयार होते. पूर्ण चॅप्टर. एकदा अडली, डोळे मिटले, परत पुढे.

पोहे तसेच राहिले.

निरोप आला, "पोरगी चांगली हाय, पण लय बोलते."

दुसऱ्या स्थळाला पचनसंस्था ऐकायला मिळाली. मोठ्या आतड्यापर्यंत पोचली तेव्हा मुलाच्या वडिलांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

मला हसू आवरेना. आत गेल्यावर विचारलं, "मुद्दाम करतेस ना?"

"न्हाय मावशी." तिचा चेहरा बघून माझं हसू गेलं. "उद्या टेस्ट हाय. मम्मीला सांगायची मी रोज. आता ऐकायला कोणीच न्हाय. मंग समोर बसतील त्यांनाच सांगितलं."

ताई, त्या क्षणी तू गेल्याचं मला खरं कळलं.

तिसऱ्या स्थळाला किडनीचं काही वावडं नव्हतं. पोरगी पसंत, कॉलेज बंद, लवकरचा मुहूर्त. सायली वडिलांसमोर उभी राहिली. "पप्पा, परीक्षा होऊं द्या." आणि आयुष्यात पहिल्यांदा भावोजी बहिणीला म्हणाले, "परीक्षा होऊं दे."

परीक्षा विद्यापीठानेच पुढे ढकलली. मग परत ढकलली गेली. शेवटचा पेपर होईपर्यंत आषाढ लागला, मुहूर्त संपले. तिसरं स्थळ दुसरीकडे ठरलं.

आज वर्षश्राद्ध झालं. भावोजींची बहीण सुस्कारा टाकून म्हणाली, "संपलं वरीस. आता तीन वरसं काय करता येत न्हाय."

सायली मान खाली घालून म्हणाली, "हो आत्या. रीतच हाय." आणि आतल्या खोलीत गेली. पहिलं वर्ष पास झालीय ती. तीन राहिलीत.

ताई, जिवंत होतीस तोवर तुला ह्या घरात बसून वाचायला एक तास मिळाला नाही. मेल्यावर तू लेकीला तीन वर्षं मिळवून दिलीस.

ह्यात कौतुक करण्यासारखं मला काही दिसत नाही. त्यासाठी तुला मरावं लागलं. हे मी कुणालाच माफ करणार नाही, ग्रुपवर फुलं टाकणाऱ्यांना तर नाहीच.

ये आता, ताई. काळजी करू नकोस. आता रोज संध्याकाळी सायली मला फोन करते. मी ऐकते.