रुईने भरलेली खोली

खोली बांधली ती हकिमाच्या सांगण्यावरून. बायकोच्या छातीत क्षय शिरला होता. तिला घरच्यांपासून वेगळं, भरपूर हवेत ठेवा, असं तो म्हणाला. निजामाची अमदानी होती. सोनपेठेत आमचा कापसाचा व्यापार. मागच्या परसात दगडी भिंतींची, वर पत्रा, चार मोठ्या खिडक्या अशी खोली उभी केली आणि तिचा आवडता, चावी भरून गाणी वाजवायचा फोनो तिथं नेऊन ठेवला.

पहिल्याच तबकडीला सगळा विचका झाला. आमच्या माळवदाच्या मातीच्या घरात गोड वाजणारं गाणं इथं दगडावर आदळून परत यायचं, शब्दावर शब्द चढायचा. "आवो, एक अक्षर कळंना. लय घुमायलंय," ती म्हणाली. तिचं तोंड एवढंसं झालं. अंथरुणाला खिळलेल्या बाईला दुसरं होतं तरी काय?

मग माझं डोकं चाललं. कापूसवाल्याचं डोकं, ते कुठं जाणार! भिंतींना बांबूच्या चौकटी ठोकल्या, त्यांवर गोणपाट ताणलं अन् मागं सुटी रुई ठासून भरली. पत्र्याखालीही तेच. तरी आवाज जरा घुमायचाच, म्हणून खिडक्यांत रुईची पोती कोंबली.

आई म्हणाली, "आरं, हकिमानं हवा सांगितलीया."

मी तिच्यावरच खेकसलो, "तुला गाण्यातलं काय कळतंय?"

काय सुरेख वाजलं म्हणून सांगू! गाणाऱ्या बाईचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. गोणपाटातून रुईचे तंतू उडायचे, दारातल्या उन्हात दिसायचेही. पण आमचा जन्मच त्यात गेलेला, त्यांची दखल कोण घेणार? एरवी सारखी खोकणारी बायको गाणं सुरू झालं की गप्प पडून राही. गाण्यानं तिला गुण यायलाय, असं मी बाजारभर सांगत सुटलो.

दोन महिन्यांत ती गेली.

माती देऊन आल्यावर आईनं तोंड उघडलं. "गाणं चालू असलं की पदराचा बोळा तोंडात कोंबून खोकला दाबायची रे ती. 'एवढं केलंय त्यांनी, मन मोडंल,' म्हणायची. मला शपथ घातली होती."

एक तबकडी तीनेक मिनिटांची. तेवढा वेळ ती कसाबसा दम धरायची. अन् मी मूर्ख, ती गाण्यात रमलीय म्हणून लगेच चावी भरून दुसरी बाजू लावायचो.