न कापलेली सोळा पानं

आमच्या व्याह्यांइतका धोकादायक माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडणार नाही. दिसायला ते अजिबात तसे नाहीत. पांढरा सदरा, रबरी चप्पल, खांद्याला कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर, नुकतीच कुणीतरी बसायला जागा दिल्यासारखा भाव. पण मी देवगाव रंगारीहून या शहरात आलो तेव्हा माझ्याजवळ अंगावरचे कपडे आणि घासाघीस करायची ताकद एवढंच भांडवल होतं. त्यावर मी दुसऱ्याच्या छापखान्यात झाडू मारता मारता पडेगाव रस्त्याला स्वतःचा छापखाना उभा केला. कागदाचे व्यापारी मला येताना पाहून आधी पाणी पितात. शहागंजच्या मंडीत माझं नाव काढलं की बायका टोपलीवर फडकं टाकतात. अशा मला या माणसानं एका शब्दात आडवं केलं. तो शब्द म्हणजे 'बरं'.

झालं असं की माझ्या मुलीनं आणि त्यांच्या मुलानं आपसात लग्न ठरवून टाकलं, आणि आम्हा थोरांना फक्त बैठकीपुरतं काम उरलं. कुणी काय करायचं, कुणाचा मान किती, हे ठरवणारी ती बैठक म्हणजे माझ्यासारख्याचं कुस्तीचं मैदान. मी दोन चुलतभाऊ सोबत घेऊन, रात्रभर डाव ठरवून गेलो होतो. म्हणालो, "हॉल निम्मा-निम्मा." ते म्हणाले, "बरं." म्हणालो, "जेवण मुलाकडून." म्हणाले, "बरं." मी घाबरलो. म्हणालो, "मानपान कुणालाच नाही, अगदी तुम्हालासुद्धा टोपी नाही." तर हसून म्हणाले, "बरं. मला टोपी शोभतही नाही." बंद समजून दार जोरात ढकलावं आणि ते उघडंच निघावं, तसा मी तोंडावर पडलो. त्यांच्या त्या दोन खोल्या, पुस्तकांच्या ढिगांत एकटाच उभा असलेला तो माणूस, आणि चहात साखर घालायची राहिली म्हणून त्यांनी मागितलेली माफी, हे सगळं बघता बघता मला माझाच आवाज ऐकू आला, "जाऊ द्या हो, जेवण आमच्याकडून. हॉलपण." घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "मग, कोण जिंकलं?"

व्याही सरकारी खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतली सारी वर्षं एसटीनं तालुक्यांना हिंडण्यात गेली आणि त्या काळात त्यांना भुतांचा नाद लागला. म्हणजे 'अवस माला' या भूतकथांच्या पुस्तकांचा. खिशात मावणारी, भुरकट कागदाची, स्टँडवर मिळणारी ही पुस्तकं केव्हाच बंद पडली; पण व्याह्यांच्या घरात त्यातलं एकूण एक जपून ठेवलेलं आहे. भुतांविषयी बोलताना ते अतिशय अदबीनं बोलतात. माझी आई एकदा म्हणाली, "आमच्या गावात चिंचंवर मुंजा व्हता मेला." व्याही कळवळले. म्हणाले, "आई, 'मेला' नका म्हणू. ते दुःख त्यांना आधीच आहे." चेटकिणीला ते 'बाई' म्हणतात. वेताळाला 'साहेब' म्हणतात. मी वैतागून कारण विचारलं तर म्हणाले, "अहो, आज भूत असले तरी कधीकाळी तेही कुणाचे तरी व्याही असतील." मेलेल्यांना इतका मान देणारा हा माणूस जिवंतांना मात्र भितो. अनोळखी नंबरचा फोन आला की ते मोबाईल टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकतात. स्मशानातून खुशाल चालत येतील, पण 'सर, आपल्याला कर्ज हवंय का' असं गोड आवाजात विचारणाऱ्या मुलीमुळं त्यांची झोप उडते.

तर गेल्या वर्षी हे गृहस्थ पिशवी घेऊन छापखान्यात आले आणि म्हणाले, "व्याही, अवस माला पुन्हा काढायची आहे." मूळ प्रकाशकाचा नातू सिडकोत फरशा विकतो, त्याच्याकडून परवानगीही आणली होती. त्या बिचाऱ्यानं "आजोबांची भुतं तुमच्याकडं आनंदात राहोत" असं लिहून वर चहा पाजला होता. व्याह्यांची अट एकच होती. पुस्तक एसटीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवून उरलेल्या सुट्ट्यात घेता आलं पाहिजे. मी कागदाचा भाव सांगितला, शाईचा सांगितला, तावातावानं टेबलावर हात आपटला. ते ऐकत राहिले. शेवटी मी माझं हत्यार काढलं. म्हणालो, "पहिली तीन पुस्तकं छापतो. दिवाळीपर्यंत गठ्ठे उठले नाहीत, तर माला बंद. मग माझ्या छापखान्यात पुन्हा भुताचं नाव काढायचं नाही." आयुष्यभर उराशी धरलेली गोष्ट अशी टांगणीला लागल्यावर कुणीही चार महिने जास्त मागितले असते. हे म्हणाले, "बरं."

कथांची निवड हा एक स्वतंत्र छळ होता. व्याह्यांचं मत असं की अंधारात कुणीही घाबरतं, त्यात लेखकाचं कर्तृत्व काय? सकाळी अकराला, पोहे खाताना जी घाबरवते ती खरी कथा. म्हणून ते रोज सकाळी अकरा वाजता छापखान्यात येऊन, चालू मशीनच्या आवाजावर आवाज चढवून, कामगारांना कथा वाचून दाखवू लागले. 'चिंचेखालची पाहुणी' ही कथा इतकी उत्तम उतरली की माझा कटिंगवाला पुढचा आठवडाभर कागदाच्या गोदामात एकटा जायला तयार नव्हता. मी गावाकडच्या बोलीत ओरडलो, "इवाई, माझं काम बंद पाडता का?" तर ते हर्षानं म्हणाले, "म्हणजे पास झाली!"

मुखपृष्ठाची गोष्ट तर मी मेल्यावरही विसरणार नाही. ट्रकच्या मागे वाघ आणि मोर काढणारा एक पेंटर व्याह्यांनी पकडून आणला. 'किल्ल्यातला वेताळ' या पुस्तकासाठी त्याला उग्र चेहरा हवा होता. त्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या व्यापाऱ्याशी फोनवर भाव करत होतो. पेंटर कोपऱ्यात बसून काय खरडतोय याकडे मी लक्ष दिलं नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा दौलताबादच्या किल्ल्यावर, मागे चांद मिनार आणि पुढे वेताळ. आणि वेताळाला माझ्या मिशा, माझे डोळे, कपाळावरची माझी शीरसुद्धा. मी आकांत केला. व्याही शांतपणे म्हणाले, "साहेबांचं रूप फार भारदस्त आलंय."

पण खरं भांडण झालं ते शेवटच्या फर्म्यावरून, म्हणजे शेवटच्या छापील तावाच्या घडीवरून. जुन्या अवस मालेत शेवटची सोळा पानं कापलेली नसायची. स्टँडवर लोक गाडी येईपर्यंत उभ्या उभ्या अख्खं पुस्तक फुकट वाचून जायचे, म्हणून प्रकाशकानं शेवट असा दुमडून बंद ठेवलेला. विकत घ्या, घडी कापा, मग बघा काय झालं ते. व्याह्यांना ते तस्संच हवं होतं. आता आमचं मशीन तिन्ही बाजू एका दमात कापतं. शेवटचा फर्मा वाचवायचा तर तो वेगळा दुमडून एकेका पुस्तकाला हातानं चिकटवावा लागतो. मी म्हणालो, कशाला हा खटाटोप? तर म्हणाले, "शेवट कापायला पट्टी शोधताना माणसाच्या मनात आलं पाहिजे, की मी हे उघडतोय ते चांगलं करतोय ना? तेवढ्या वेळात निम्मी भीती तयार होते." खरं सांगतो, मी इथं फसलो. गिऱ्हाईकाला शेवटचा भाव मीही असाच शेवटपर्यंत दुमडून ठेवतो. माझ्या धंद्यातलं मर्म या माणसाला भुतांकडून कळलेलं होतं.

पुस्तकं स्टँडवर गेली आणि आठवड्यात छापखान्याचा फोन वाजायला लागला. "पानं चिकटलेली आहेत." "बाइंडिंग चुकलंय." "छापखाना चालवता की चेष्टा करता?" आजच्या वाचकानं न कापलेलं पुस्तक कुठं पाहिलंय? लोक पुस्तकं परत आणून टाकत होते. दिवाळी तोंडावर आली आणि गठ्ठे तसेच. माझ्या छापखान्याच्या कामाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. माझं डोकं फिरलं. भर दुपारी टेम्पो घेऊन मी मध्यवर्ती बसस्थानकावर माल उचलायला गेलो. स्टॉलवाले चाचा माझी वाटच बघत होते. "सेठ, ये क्या माल दिये तुम? पीछे के पन्नेच नै खुलते. पब्लिक मेरेकू गाली दे रई!"

समोरच्या बाकड्यावर व्याही बसलेले. कोण पुस्तक हातात घेतं हे बघायला ते रोज तिथं येऊन बसायचे, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "इवाई, माल उचलतो. ठरल्याप्रमाणं." ते म्हणाले, "बरं." पण या वेळी हसून नव्हे. त्यांनी पिशवीचे बंद हाताभोवती गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं 'बरं' ऐकून मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि ते जिंकणं कडू लागलं.

तेवढ्यात कन्नडच्या गाडीकडून एक बाई तरातरा आली. डोक्यावर पदर, काखेत दिवाळीच्या सामानाची पिशवी, हातात 'किल्ल्यातला वेताळ'.

"ओ भाऊ, ह्याची मागची पानं उघडंनात की. आतापतुर वाचलं, अन् आता वेताळ दाराशी येऊन हुबा हाय!"

मी तापलेलाच होतो. "बाई, ती मुद्दाम तशी ठेवलीत. घरी जाऊन पट्टीनं कापायची."

"घरी जाऊन भाकरी थापू का वेताळ बघू? आत्ताच कापा." मग तिनं मुखपृष्ठाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "अगं बया! ह्यो तुमीच व्हय? तरीच म्हनलं, भूत इतकं वसकन कसं अंगावर येतंय."

आजूबाजूचे लोक हसले. छापखान्याच्या सवयीनं माझ्या खिशात कायम स्टीलची पट्टी असते. मी रागारागानं ती काढली आणि सरसर घडी कापली. बाई तिथंच वाचायला लागली. आधी मनात, मग कुणीतरी म्हणालं, "मोठ्यानं वाचा की ताई," तर मोठ्यानं. बघता बघता घोळका जमला. कंडक्टर घंटी मारायचा सोडून खाली उतरला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अरे, वेताळ आत शिरला का नाय, तेवढं सांगा, मग चलू!"

वाचून झाल्यावर बाईनं सुस्कारा टाकला आणि उरलेली दोन पुस्तकं उचलली. "ही दोन घेते. एकाच्या भावात द्या."

माझ्या अंगातून वीज गेली. कित्येक महिन्यांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं! "लुटायला आलात का? कागद बघा, शाई बघा!"

"कागद बघितला. ह्याच्यात तर भजीबी कुनी बांधनार नाय."

"मग नका घेऊ!"

"नाय घेत. ठिवा तुमची भुतं," म्हणून ती पाठ फिरवून थेट गाडीच्या पायरीवर चढली. काय चाल होती! काय पाठ फिरवली होती! मीच धावत गेलो, "ओ ताई, या इकडं, घेऊन जा!" दीडाच्या भावात दोन देऊन टाकली आणि इतका आनंदात परतलो की चाचा म्हणाले, "सेठ, नुकसान हुआ के फायदा?"

पण चाचा हुशार. पानटपरीवर बिडी पेटवायला जळती सुतळी टांगलेली असते ना, तशी त्यांनी माझीच पट्टी दोरीला बांधून स्टॉलवर टांगली. 'शेवट इथे कापून मिळेल.' मग काय, लोक पुस्तक घेऊन पट्टीसाठी ओळीत उभे राहायला लागले. कुणी शेवट कापताना डोळे मिटून घेई, कुणी बायकोला कापायला लावी. टेम्पो मी रिकामाच परत नेला. दिवाळीच्या आधी गठ्ठे उठले. आणि स्टँडवरची पोरं अजून मला 'वेताळ काका' म्हणतात, ती गोष्ट वेगळी.

यंदा माझ्या जावयाची बदली पुण्याला झाली. मुलगी गेली, नातू गेला आणि त्यांच्याबरोबर व्याहीही. निघण्याच्या दिवशी ते छापखान्यात आले, मशीनवर हात फिरवत उभे राहिले आणि म्हणाले, "व्याही, दर दोन महिन्यांनी एक पुस्तक काढाल?"

मी सवयीनं म्हणालो, "जमायचं नाही. सहा महिन्यांनी."

मी 'बरं'ची वाट बघत होतो. त्यांनी पिशवीचे बंद गुंडाळले, सोडले आणि खाली बघत म्हणाले, "तीन करा."

या माणसानं भाव केला! माझ्याशी! मी चार म्हणायला हवं होतं, चारच म्हणणार होतो, पण तोंडातून निघालं, "बरं."

आता दर रविवारी सकाळी अकरा वाजता पुण्याहून फोन येतो. फोनला भिणारा हा माणूस स्वतःहून नंबर लावतो. पहिल्या पुस्तकाची पहिली प्रत त्यांनी मला दिली होती. शाळा सुटल्यापासून मी वाचलेलं ते पहिलं पुस्तक. म्हणजे सोळा पानं सोडून वाचलेलं. दिलेल्या पैशाचा माल पैशापैशानं वसूल करणारा मी, पण ती घडी अजून तशीच आहे. आधी पुढच्या कथेचं बोलणं होतं, नातवाचं होतं, मग ते हळूच विचारतात, "कापली का हो?"

मी म्हणतो, "कशी कापणार? माझी पट्टी स्टँडवर टांगलीय ना."

छापखान्याच्या दर खणात एक पट्टी असते हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी ते म्हणतात, "बरं."