सहा वायसर

आमची पोस्ट सोळा हजार फुटांवर होती. नोव्हेंबर ते एप्रिल रस्ता बंद. नऊ माणसं, तीन स्टोव्ह. मी स्टोअरचा हवालदार. ऑक्टोबरअखेर सहा महिन्यांचा माल वर चढवायचा आणि नको ते खाली पाठवायचं, हे माझं काम.

त्या वर्षी माझी यादी प्रथमच एका पानात बसली. मला त्याचा अभिमान होता. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपासाठी रबरी वायसर नवे आले होते, म्हणून चामड्याच्या जुन्या वायसरांची पेटी मी खाली पाठवायला काढली. लान्स नाईक विलास मेश्राम ती बांधत होता. नागपूरकडचा, बोलका.

"उस्ताद, चामड्याचे राहू द्या ना जी."

"एका कामाला दोन वस्तू कशाला?"

"एक रुसली तर दुसरी कामी येते."

"पेटी बांध."

त्याने बांधली.

जानेवारीत पारा खूप उतरला. एका सकाळी सहा वाजता पहिला स्टोव्ह हवा धरेना. दुपारपर्यंत तिन्ही गेले. रबर दगडासारखं होऊन चिरलं होतं. शिल्लक रबरी वायसर पुरेसे होते; तेही एकामागून एक चिरले. रॉकेल भरपूर, पण बर्फ वितळवता येईना. म्हणजे पाणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माणशी अर्धा मग उरला.

सुभेदारसाहेबांनी रेडिओवर खालची पोस्ट लावली.

"चामड्याचे वायसर आहेत? ओव्हर."

"बारा आहेत. हेलिकॉप्टर आज उडणार नाही. ओव्हर."

"माणसं पाठवतो. आउट."

चूक माझी, म्हणून मी जातो म्हणालो. साहेब म्हणाले, "तुमचा गुडघा सुजलाय. मेश्राम आणि जाधव जातील." जाधव आमचा शिपाई, पायाचा पक्का.

निघताना मेश्राम हसला. "उस्ताद, आता एका पानावर भागत नाही. दुसरं पान जोडा."

सात वाजता निघाले. अकराला खाली पोहोचले, साडेअकराला परत फिरले. पुढचं जाधवने सांगितलं. वाटेतल्या बर्फाने भरलेल्या नाल्यापाशी मेश्राम थांबला. पुडी सोडून त्याने सहा वायसर जाधवच्या हातात ठेवले.

"अर्धे तुझ्यापाशी. मी आधी जातो. मी पार झालो की मग तू उतर."

"सगळे तुमच्याकडेच राहू द्या की."

"अन् मी घसरलो तर? वर काय सांगशील?"

तो नाल्याच्या मध्यावर असताना वरचा बर्फाचा कडा सुटून त्याच्यावर आला. जाधव तासभर हातांनी बर्फ उकरत राहिला. मग वरून वळसा घालून पाच वाजता पोस्टवर आला. बोटं काळी पडली होती. सहा वायसर मला दिले आणि खाली बसला.

सव्वापाचला पहिला स्टोव्ह पेटला. त्या सहांवर आम्ही एप्रिल गाठला.

पुढच्या ऑक्टोबरात मुख्यालयातून विचारणा आली: चामड्याचे वायसर जादा का? मी लिहिलं, जादा नाहीत. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच लिहिलं. ते राहिले; दोन वेगळ्या बंकरमध्ये, दरमहा तेल लावून.

आता मी सदाशिव पेठेतल्या एका लहान रुग्णालयाचं भांडार सांभाळतो. तिथले व्यवस्थापक परवा म्हणाले, "अहो, एकच पुरवठादार ठेवा. फोन केला की दोन तासांत माल दारात. आपल्याला काय लढाईला जायचंय?"

"नाही. नदीला पाणी आलं, पूल बंद झाले, तर तो पोहत येणार का, एवढंच विचारून घ्या."

"पण या जादा साठ्यापायी जागा वाया जातेय."

"जाते. दर वर्षी जाईल."

दुसरा पुरवठादार नुसता कागदावर ठेवून भागत नाही. वर्षभर त्याच्याकडूनही थोडा माल घ्यावा लागतो, नाहीतर गरजेच्या दिवशी तो आपल्याला ओळखत नाही. तो नदीच्या अलीकडचा हवा. ठेवलेला माल फिरवावा लागतो. हे कंटाळवाणं काम आहे, आणि काही घडलं नाही की वेडेपणाचं दिसतं. दिसू दे. एका पुरवठादाराच्या कागदावर मी सही केलेली नाही. करणार नाही. मला काढून टाकलं, तर येणाऱ्यालाही हेच शिकवून जाईन.

विलास मेश्राम त्या वर्षीच्या जूनमध्ये सापडला, नाल्याच्या खालच्या वळणावर. वय सव्वीस. ओळख पटवायला मी गेलो होतो. आतल्या खिशात कागदाची पुडी होती. मी मोजले. सहा. चामडं अजून मऊ होतं.