पाणी मागायची भाषा

मे महिन्यात आमच्याकडे कोणी आलं की हमखास म्हणतं, "मॅडमची मजा आहे बुवा, सुट्ट्याच सुट्ट्या." आई हसते आणि चहा टाकायला उठते.

आई टेंभुर्णीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सुट्टी लागली की ती पहिलीसाठी मुलं शोधत दारोदार फिरते. गावात आता इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते आणि मुलं तीत बसून निघून जातात. मागच्या उन्हाळ्यात मे अर्धा सरला तरी पहिलीसाठी एकही नाव आलं नव्हतं. पट आणखी घसरला असता तर शाळेतल्या दोन शिक्षिकांपैकी एकीला जावं लागलं असतं. आई तिथे नंतर आलेली, म्हणजे तीच. बदली कुठे होईल, हा विषय आमच्या घरात कोणी काढत नव्हतं.

आईला गाडी चालवता येत नाही, म्हणून स्कूटीवर मी. ऊन चढायच्या आत निघायचं. ती घरात जायची, मी बाहेर गाडीजवळ थांबायचे. अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की मला शब्दच सापडत नाहीत.

आईची पद्धत ठरलेली होती. गेल्या गेल्या शाळेचं नाव काढायचं नाही. उन्हाळ्यात घरोघरी वाळवणं चाललेली असतात, तर सरळ पोळपाट ओढून पापड लाटायला बसायचं. शाळेचा विषय मग आपोआप निघतो, असं ती म्हणायची.

एका घरी मात्र त्या बाईंनी मलाही आत बोलावलं. "उन्हात काय उभी राह्यली? ये, सावलीत बस." त्यांची मुलगी खांबाला धरून आमच्याकडे टक लावून बघत होती. आई पापड लाटत होती. थोड्या वेळाने बाईंनीच विचारलं, "मॅडम, ही तुमचीच पोरगी ना? कोन्त्या शाळेत शिकली?"

आईचं लाटणं थांबलं. खोटं बोलणं तिला जमत नाही.

"इंग्लिश मीडियमला."

"घ्या!" बाई मोठ्याने हसल्या. "सोताची पोरगी इंग्रजी शाळेत, अन् आमची तुमच्या शाळेत? बराबर हाय मॅडम तुमचं!"

आईने पुन्हा लाटणं फिरवायला घेतलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. आता ती उठेल, आपण निघू, आणि हे घरही गेलं, असं वाटलं. आणि मीच बोलले.

"काकू, माझ्या त्या शाळेत बाटलीतलं पाणी प्यायचं तरी इंग्रजीत विचारावं लागायचं. पहिलीत मला ते वाक्य यायचं नाही. मग मी तशीच बसायचे, सुट्टी होईपर्यंत."

बाईंचं हसू ओसरलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खांबाजवळच्या मुलीकडे. मग उठून मला पाण्याचा तांब्या दिला. "बघते. हिच्या बापाला इचारून सांगते," एवढंच म्हणाल्या.

परत येताना आई मागे बसली होती. गाव मागे पडल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला कधी बोलली नाहीस."

"तू डबा बघायचीस. बाटलीतलं उरलेलं पाणी मी येताना रस्त्यात ओतून द्यायचे."

तिचा हात घरापर्यंत तिथेच होता.

शाळा उघडली त्या दिवशीही आईला सोडायला मीच गेले होते. फाटकापाशी ती मुलगी उभी होती, केसांना तेल, नवं दप्तर. तिच्या मागून अजून तीन पोरं, शेजारपाजारची. त्या बाईंनीच गोळा करून आणली होती. आईने मुलीचा हात धरला, तशा बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मॅडम, पोरीला तहान लागली तर बिलकुल अडवायचं न्हाई. आधीच सांगून ठेवते!"

"नाही अडवणार," आई म्हणाली. बाईंकडे नाही, माझ्याकडे बघून.